घानात रेल्वे आधी नव्हती काय? शकुंतलावाल्यांना प्रश्न

दारव्ह्याचा पोऱ्या
राम राम मंडळी. आमची शकुंतला, ही छोटी रेल्वे, कापसाच्या गाठी न्यायला टाकली होती, हे इथं लहान पोरालाही ठाऊक आहे. परवा चुलतभाऊ म्हणे, आपल्या देशातल्या कंपनीनं घानात रेल्वे बांधली. मग तिथं आधी गाडी नव्हतीच काय? राज्य तर तिथंही इंग्रजाचंच होतं.

पुलगावकर काका
नव्हती कशी बाप्पा! 1898 साली सेकोंडीच्या किनाऱ्यावरून काम निघालं. 1901 ला तार्क्वा, 1902 ला ओबुआसी. दोन्ही सोन्याच्या खाणी. तोवर खाणीची यंत्रं हमालाच्या डोक्यावर जंगलातून जात. 1900 मध्ये असांते लोकांच्या याआ असांतेवा नावाच्या राजमातेनं इंग्रजांशी लढाई मांडली. त्यानंतर रूळ कुमासीला, असांतेंच्या राजधानीत, पोचले 1903 ला. पलटण लवकर पोचावी हाही हिशोब होताच ना.

दुसरी लाईन घानाच्या राजधानीतून, आक्राहून निघाली ती कोकोसाठी, अन् कुमासीला टेकली 1923 ला. रूळ नव्हते तेव्हा कोकोचे लाकडी पिंप माणसं रस्त्यानं लोटत बंदरावर न्यायची. आपल्या बंडीला निदान बैल तरी होते!

तुझा भाऊ सांगतो ती टेमा बंदर ते म्पाकादान लाईन. मी तिथं ट्रॅकवर सुपरवायझर होतो. आपल्या एक्झिम बँकेचं कर्ज, काम अॅफकॉन्सचं, लांबी 97 किलोमीटर, व्होल्टा नदीवर पूल. उद्घाटन 2024 ला झालं. जुनी गेज, म्हणजे दोन रुळांतलं अंतर, 1067 मिलिमीटर, आपल्या मीटरगेजहून बोटभर रुंद, नवी 1435. म्हणजे जुना डबा नव्या रुळावर चालतच नाही. माल बंदरातून व्होल्टा सरोवरापर्यंत गाडीनं अन् पुढं उत्तरेला बार्जनं, म्हणजे सपाट मालवाहू बोटीनं न्यायचा, असा बेत आहे.

तुमसरवाला
काका, मॅंगनीज राहिलं की! पहिल्या महायुद्धाच्या काळात न्सुताला खाण सुरू झाली, आमच्या डोंगरी बुजुर्गसारखी. 1928 ला ताकोराडीचं खोल बंदर उघडलं, अन् सेकोंडीचा भाव उतरला.

दारव्ह्याचा पोऱ्या
पण उत्तरेला बार्ज कायले लागते? तिकडं रूळ काहून नाही नेले?

पुलगावकर काका
तिकडं तेव्हा सोन्याच्या मोठ्या खाणी नव्हत्या, कोको नव्हता, मग कोण नेतो? उत्तरेतल्या तमाले शहराला आजही गाडी नाही. उत्तरेची माणसं मात्र दक्षिणेत खाणीवर मजुरीला यायची. आक्राहून सेकोंडीला जायचं तरी कुमासीचा वळसा. सरळ जोड मिळाली 1956 ला, स्वातंत्र्याच्या एक वर्ष आधी.

रेल्वे कामगार मात्र पक्के. 1961 ला अध्यक्ष एन्क्रुमांच्या सरकारनं पगारातून सक्तीची बचत कापायचं ठरवलं, तर सेकोंडी-ताकोराडीत संपच पुकारला.

पुढं डागडुजी राहिली, माल ट्रकनं ओढला, अन् कुमासीची गाडी बंद पडली. न्सुताचं मॅंगनीज तेवढं ताकोराडीला जात राहिलं.