तीन लाइन, सोळा एक्स्टेंशन: ट्रान्स्फर करताना कॉल तुटतो, लाइन अडकते, मोबाईल लागत नाही

पतसंस्था_कचेरी:
नमस्कार मंडळी. नाशिकच्या एका पतसंस्थेच्या कचेरीत ईपीएबीएक्स (कचेरीचं स्वतःचं छोटं टेलिफोन एक्स्चेंज, ज्याला आम्ही बोर्ड म्हणतो) आहे. बाहेरच्या 3 लाइन (दोन फायबरच्या डब्यातून, म्हणजे फायबर इंटरनेटच्या मोडेममधून, एक जुनी तांब्याच्या तारेची), आत 16 एक्स्टेंशन. रिसेप्शनवर की-फोन (बोर्डाच्याच कंपनीचा, जास्त बटणांचा फोन), बाकी टेबलांवर वेगवेगळ्या कंपन्यांचे साधे फोन. 0 दाबला की बाहेरची लाइन, 9 दाबला की रिसेप्शन.

काही टेबलांवरून फ्लॅश दाबून कॉल पुढे द्यायला गेलं की समोरच्याचा कॉल तुटतो, काही टेबलांवर फ्लॅश दाबून काहीच होत नाही. फायबरच्या लाइन कॉल संपल्यावरही कधी कधी अडकून राहतात आणि बोर्ड बंद-चालू करावा लागतो. एसटीडी लॉक असलेल्या टेबलांवरून मोबाईल लागत नाहीत, आणि लॉक काढला तर परदेशातही फोन लागतो. शिवाय जेवणाच्या सुट्टीत रिसेप्शन रिकामं असतं, तेव्हा रिंग वाजून बंद होते. बोर्ड बदलायला हवा का?

बोर्ड_प्रोग्रामर:
बोर्ड बदलू नका. यातलं बहुतेक सगळं सेटिंगचं काम आहे.

आधी फ्लॅश. हे बटण लाइन क्षणभर तोडतं. किती वेळ तोडायची ते फोनवर ठरतं आणि किती वेळाची तोड फ्लॅश मानायची ते बोर्डावर. फोन 600 मिलिसेकंद तोडत असेल आणि बोर्डाची कमाल मर्यादा त्याहून कमी असेल, तर बोर्डाला वाटतं रिसीव्हर ठेवला, आणि कॉल जातो. उलट फोन 100 ला असेल आणि बोर्डाची किमान मर्यादा 200 असेल, तर बोर्ड दुर्लक्ष करतो. तुमच्याकडे दोन्ही लक्षणं आहेत, म्हणजे फोन सरमिसळ आहेत. प्रत्येक फोन उलटा करून बघा. अनेक मॉडेलना खाली 100/300/600 चा खटका असतो, काहींना मेनूत. सगळे एकाच आकड्यावर आणा, मग बोर्डाची मर्यादा त्या आकड्याच्या दोन्ही बाजूंना थोडी मोकळी ठेवा. कमाल मर्यादा एक सेकंदापलीकडे नेऊ नका. तसं केलं तर कोणी फोन ठेवून लगेच उचलला की तोही फ्लॅश समजला जातो आणि जुना कॉल होल्डवर लटकतो.

त्याच वेळी टोन/पल्सचा खटका टी वर आहे ना तेही पाहा. पी वर असेल तर आकडे लागतात, पण * आणि # चे कोड बोर्डापर्यंत पोचतच नाहीत.

ट्रान्स्फरची रीत सगळ्यांना एकच शिकवा: फ्लॅश, आतला डायलटोन ऐका, एक्स्टेंशनचा नंबर, समोरच्याने उचललं की कोणाचा फोन आहे ते सांगा, मग रिसीव्हर ठेवा. तिकडे एंगेज असेल तर पुन्हा फ्लॅश, म्हणजे ग्राहक परत तुमच्याकडे. डायलटोन न ऐकता घाईने नंबर दाबला की पहिला आकडा गिळला जातो आणि कॉल भलत्याच टेबलावर जातो. न सांगता ट्रान्स्फर करायचा असेल, तर कोणी न उचलल्यास कॉल किती सेकंदांनी परत यावा तो टायमर 30 च्या आसपास ठेवा.

तारजोड:
अडकलेल्या लाइनबद्दल. कर्मचारी स्वतः फोन ठेवतो तेव्हा लाइन सुटतेच. कॉल होल्डवर, पार्कमध्ये (कोणीही घेईपर्यंत बोर्डात थांबवून ठेवलेला) किंवा ऑटो अटेंडंटवर (आपोआप उत्तर देणाऱ्या रेकॉर्ड केलेल्या आवाजावर) असताना बाहेरच्याने फोन ठेवला तरच ती अडकते, कारण आतून ठेवणारं कोणीच नसतं. तो गेला हे बोर्डाला दुसऱ्या कुठल्या तरी खुणेवरून कळावं लागतं.

चाचणी अशी करा. बोर्डाची वायर काढून साधा फोन थेट फायबरच्या डब्याला लावा. मोबाईलवरून फोन करा, उचला, मग मोबाईल कट करा आणि ऐकत राहा. आपल्याकडचा एंगेज टोन 400 हर्ट्‌झचा, पाऊण सेकंद आवाज, पाऊण सेकंद शांतता. तसा ऐकू आला तर बोर्डात बिझी टोन ओळखण्याची सोय चालू करून हेच आकडे भरा. आवाज वेगळ्या तालात येत असेल तर डब्यात दुसऱ्या देशाचे टोन बसवलेले असण्याची शक्यता मोठी. ते लाइन देणाऱ्या कंपनीकडून बदलून घ्या. टोनच येत नसेल तर त्यांच्याकडेच तक्रार नोंदवा, बोर्डात शोधून काही सापडणार नाही.

पोलॅरिटी रिव्हर्सलही (समोरच्याने उचलल्या-ठेवल्याची खूण म्हणून लाइनचे अधिक-उणे उलटवण्याची सोय) कंपनीकडून मागून घ्या, पण ते मुख्यतः तुम्ही बाहेर केलेल्या कॉलसाठी उपयोगी. येणाऱ्या कॉलसाठी त्याच्यावर विसंबू नका.

पतसंस्था_कचेरी:
धन्यवाद. फोन सगळे 600 वर आणले, ट्रान्स्फर आता नीट होतो. डब्यावरचा टोन भराभर वाजतो, पाऊण सेकंदाचा नक्कीच नाही. कंपनीकडे तक्रार दिली आहे. मोबाईलचं काय?

बोर्ड_प्रोग्रामर:
तुमचा लॉक जुन्या काळातला आहे. 15 जानेवारी 2021 पासून लँडलाइनवरून मोबाईलला फोन करताना आधी 0 लावावा लागतो. त्याआधी "0 ने सुरू होणारं सगळं बंद" म्हटलं की एसटीडी बंद आणि स्थानिक मोबाईल चालू, इतकं सोपं होतं. आता त्या नियमात मोबाईलही अडकतात.

बोर्डाच्या नकार यादीतला (ज्या आकड्यांनी सुरू होणारे कॉल अडवायचे त्या यादीतला) 0 काढा, परदेशाचा 00 घाला. ही यादी बहुतेक बोर्डांत लाइन घेण्याच्या 0 नंतरचे आकडे तपासते. म्हणजे कर्मचारी आधी 0 दाबेल, बाहेरचा टोन ऐकेल, मग 0 आणि मोबाईलचे दहा आकडे. आपल्या बोर्डात खात्री करून घ्या: लॉक असलेल्या टेबलावरून मोबाईल लागला पाहिजे, आणि लाइन घेऊन 00 दाबताच कॉल अडला पाहिजे.

एसटीडीही अडवायची असेल तर 01 ते 05 बंद करता येतील. त्याने मुंबईचा 022, दिल्लीचा 011 अडतो, पण नागपूरचा 0712, पणजीचा 0832, बंगळुरूचा 080 सुटतात, कारण मोबाईलही 06 ते 09 नेच सुरू होतात. प्लॅनमध्ये एसटीडी फुकट असेल तर हा खटाटोप करू नका.

काही बोर्ड मोबाईलआधी 0 आपोआप लावतात. तो नियम आकड्यांची संख्या पाहून लावा. नुसत्या "6 ने सुरुवात" या खुणेवर लावला तर 6 ने सुरू होणारे खासगी कंपन्यांचे स्थानिक लँडलाइन लागायचे बंद होतील. आणि 112 कुठल्याही टेबलावरून, लॉक असो वा नसो, लागलाच पाहिजे.

रिंग_ग्रुप:
जेवणाच्या सुट्टीसाठी रिसेप्शनचा कॉल "उत्तर न मिळाल्यास" पुढे पाठवा, 15 सेकंदांनी. आपल्या रिंगचा फेरा साधारण 3 सेकंदांचा, म्हणजे पाच रिंग. पुढचं ठिकाण एक एक्स्टेंशन नको, तीन-चार टेबलांचा ग्रुप करा आणि सगळीकडे एकदम वाजू द्या. शेजारचा वाजणारा फोन आपल्या टेबलावरून घेण्याचा पिकअप कोडही त्याच ग्रुपला द्या. पिकअप ग्रुप पूर्ण कचेरीचा करू नका. दोन फोन एकदम वाजले की कर्जविभागाचा कॉल ठेवविभागात उचलला जातो.

कॉल साहेबांच्या मोबाईलवर वळवायचा मोह टाळा. एक कॉल आत येतो, दुसरा बाहेर जातो, म्हणजे तीनपैकी दोन लाइन गुंतल्या. मोबाईलवर ग्राहकाचा नंबर दिसत नाही, कचेरीचा दिसतो. आणि दोन्ही टोकं बाहेरची, म्हणजे तारजोड यांनी सांगितलेली अडकण्याची भीती सर्वांत जास्त इथेच. करायचंच असेल तर कालमर्यादा 10 मिनिटांची घाला.

बाहेरून फोन करून आतली लाइन वापरण्याची डिसा सोय चालू असेल तर बंद करा, आणि बोर्डाचा कारखान्यातून आलेला पासवर्ड आजच बदला. तो माहीत असणारा कोणीही तुमचा 00 चा लॉक बाहेरून काढू शकतो.

तारजोड:
एक राहिलं. वीज गेल्यावर ठरावीक लाइन थेट एका ठरावीक फोनला जोडण्याची सोय तुमच्या बोर्डात असेल, तर तिथे तांब्याचीच लाइन लावा. फायबरचा डबा स्वतः विजेवर चालतो. यूपीएसवर बोर्डासोबत तो डबाही घ्या.