सीएमएल (रक्ताचा कॅन्सर): क्रोमोसोमची तपासणी जळगावात की मुंबईला?

केळीवाला_रावेर: आमच्या आप्पांना (58) सीएमएल निघाला. पांढऱ्या पेशी 1,80,000, प्लीहा बरगडीखाली हाताला लागते. डॉक्टरांनी मॅरो (हाडातल्या मगजाची तपासणी), कॅरिओटाइप (क्रोमोसोमची तपासणी) आणि बीसीआर-एबीएल (सीएमएलच्या बिघडलेल्या जनुकाची तपासणी) लिहून दिलंय. औषधाला महिन्याला 3000 च्या वर झेपणार नाही. कुठे करू? बहिणीचं लग्न ठरतंय, हे आनुवंशिक तर नाही?

भुसावळ_जंक्शन: सरळ मुंबईचं टाटा (कॅन्सर हॉस्पिटल) गाठा भो. आम्ही तेच केलं. स्लीपर, थर्ड एसीत पेशंटचं तिकीट माफ, सोबत्याला 75 टक्के सवलत.

शिरपूरकर: माझ्या आत्यालाही ल्युकेमिया आहे. औषधच नाही, नुसतं लक्ष ठेवतात. घाई नको.

तापीकाठ: तो सीएलएल (ल्युकेमियाचा दुसरा प्रकार) असणार. त्यात 13 नंबरच्या क्रोमोसोमचा तुकडा गळलाय की 17 चा, यावर औषध ठरतं. सीएमएलमध्ये 9 आणि 22 चे तुकडे अदलाबदल होतात, आखूड झालेला 22 म्हणजे फिलाडेल्फिया क्रोमोसोम. इथे नुसतं लक्ष ठेवून थांबायचं नसतं. हा बिघाड जन्मानंतर रक्ताच्या पेशीत होतो, पोरांना जात नाही. लग्न बिनधास्त करा. मुंबईचं मत मात्र एकदा घ्याच.

धुळेकर_काका: इमॅटिनिब (सीएमएलची गोळी) ओरिजिनल कंपनीचीच घ्या. तब्येतीपुढे पैसा बघायचा नसतो.

तापीकाठ: काका, 3000 लिहिलंय त्यांनी. 2013 ला सुप्रीम कोर्टाने त्या ओरिजिनल गोळीचं पेटंट नाकारलं. जेनेरिक (दुसऱ्या कंपन्यांच्या स्वस्त) इमॅटिनिबवर कितीतरी लोक वर्षानुवर्षं ठणठणीत आहेत. महात्मा फुले योजनेचं आरोग्यमित्राला विचारा.

अमळनेरकर: रक्ताची पीसीआर पुरे. मॅरो कशाला टोचता?

तापीकाठ: पीसीआर फक्त बीसीआर-एबीएल मोजते. सोबत आणखी कुठला क्रोमोसोम बिघडलाय का, ते कॅरिओटाइपमध्येच दिसतं. सुरुवातीला एकदा हवंच.

नंदुरबारची_ताई: आमच्या यांना 400 ची गोळी चालू आहे. जेवणावर, मोठा पेलाभर पाण्यासोबत घ्यायची, नाहीतर मळमळतं. सकाळी पापण्या सुजतात, रात्री पोटऱ्यांत गोळे येतात, ते डॉक्टरांना सांगायचं पण मनाने गोळी सोडायची नाही. गावातल्या एकाने बरं वाटतंय म्हणून सोडली आणि पेशी परत चढल्या. 3 महिन्यांनी बीसीआर-एबीएल 10 टक्क्यांच्या आत यायला हवं. दर वेळी लॅब तीच ठेवा.

भुसावळ_जंक्शन: परत सांगतो, टाटा.

केळीवाला_रावेर: सगळ्यांचे आभार. ताई, पाण्याचं आईला लगेच सांगितलं. बाग कटाईवर आलाय, आप्पा मुंबईला यायला तयार नाहीत आणि मीही जोर करणार नाही. उद्या मॅरो जळगावलाच, गोळी जेनेरिक. 3 महिन्यांचा आकडा चुकला तर मात्र त्यांचं ऐकणार नाही.