मदत हवी आहे: चौथा महिना चालू आहे आणि मिश्री सुटंना, निकोटीनचं च्युइंगम चालेल का?

तासगावकडची

नमस्कार सगळ्यांना. इथं पहिल्यांदाच लिहितीय, मोबाईलवरून टाईप करतीय, चुका सांभाळून घ्या. विषय सांगायला लाज वाटते पण आता लाजून चालणार नाही.

मी 26 वर्षांची. माहेर माण तालुक्यातलं, सासर तासगावजवळ. पंधरावा आठवडा चालू आहे, पहिलंच बाळ. आणि मी मिश्री लावते. काहीजण मशेरी म्हणतात, तंबाखू भाजून केलेली काळी भुकटी. सातवीत होते तेव्हा दाढ ठणकायची म्हणून आजीनंच बोटावर घेऊन हिरडीला चोळली होती, मला गरगरलं, उलटी झाली आणि दाढ थांबली. तिथनं सुरू झालं ते आजपर्यंत. आधी सकाळी एकदा, मग जेवल्यावर, आणि लग्नानंतर द्राक्षबागेत कामाला जायला लागले तशी दिवसातनं सात-आठ वेळा. विरळणीला बायका बसल्या की दुपारी भाकरी झाल्यावर डबी फिरतेच, ती घेतली नाही तर जेवण झाल्यासारखंच वाटत नाही. माझी स्वतःची व्हिक्सच्या जुन्या डबीत असते.

दिवस राहिल्याचं कळलं त्याच दिवशी ठरवलं की बंद. तीन वेळा बंद केली. एकदा दीड दिवस, एकदा एकच दिवस आणि परवा तीन दिवस. त्या तीन दिवसात डोकं असं दुखायचं की डोळे उघडू नयेत, उगाच रडू यायचं, मिस्टरांवर ताट आपटलं, आणि सगळ्यात वाईट म्हणजे पोट साफच होईना. रक्त कमी आहे, हिमोग्लोबिन 8.9, त्यामुळं लोहाच्या गोळ्या चालू आहेत आणि त्यानं पोट अजूनच कडक झालंय. इतकी वर्षं सकाळी मिश्री लावली की मगच परसाकडं व्हायचं, आता ती नाही तर काहीच नाही.

चौथ्या दिवशी सकाळी आत्या म्हणजे सासूबाई मागच्या अंगणात तव्यावर तंबाखू भाजत होत्या. तो वास ज्यांना माहीत आहे त्यांनाच कळेल, घशात ठसका बसतो पण माझ्या तोंडाला पाणी सुटलं. त्या आत गेल्या तशी मी तव्याच्या काठाला चिकटलेली काळी भुकटी बोटानं खरवडून तिथंच उभ्या उभ्या दाताला लावली. तवा निवायची पण वाट बघितली नाही, बोट पोळलं. मग न्हाणीत जाऊन खूप रडले.

तपासणीला पहिल्यांदा गेले तिथं मी खरं सांगितलं होतं. तर मॅडम सगळ्या बायकांसमोर म्हणाल्या, शिकलेली दिसतीस आणि असलं तोंडात घालतीस? पुढच्या वेळी विचारलं तेव्हा मी नाही म्हणून सांगितलं. कार्डावर पण नाही असंच लिहिलंय.

आता मिस्टरांनी मेडिकलमधून निकोटीनचं च्युइंगम आणलंय, 2 मिलिग्रॅमचं. त्यांच्या मित्राची सिगरेट त्यानं सुटली म्हणे. पण पाकिटावर लिहिलंय की गरोदर बाईनं डॉक्टरला विचारल्याशिवाय घेऊ नये, म्हणून तसंच कपाटात पडून आहे. मला विचारायचंय की निकोटीन सोडायला निकोटीनच घ्यायचं हे बाळाला बरं का, हे गम सिगरेटवाल्यांसाठीच असतं की मिश्रीला पण चालतं, आणि ती दंडाला लावायची पट्टी असते ती बरी का गम बरं. शिवाय शेजारच्या काकू म्हणतात एकदम बंद केलंस तर बाळाला झटका बसतो, हळूहळू सोड, त्यात किती खरं आहे? कुणाला अनुभव असेल तर प्लीज सांगा. वाईट बोलायचं असेल तर ते मी स्वतःला रोजच बोलते.

दोन लेकरांची आई, कोरेगाव

अगं रडू नको. मी पण त्यातलीच. थोरल्याच्या वेळी नऊ महिने लावत होते, कुणी सांगितलंच नाही, उलट मळमळतंय तर लाव जरा म्हणायचे. तो 2 किलो 100 ग्रॅमचा झाला. मिश्रीमुळंच असं कुणी छातीठोकपणे सांगणार नाही, पण माझ्या मनातनं ते गेलं नाही. धाकटीच्या वेळी पाचव्या महिन्यात सोडली, बिना गमची.

माझा अनुभव सांगते, मला तंबाखूपेक्षा बोटाचीच सवय जास्त होती. जेवण झालं की उजवा हात आपोआप डबीकडं जायचा. मग मी जेवल्या जेवल्या लगेच मऊ ब्रश घेऊन कोरडाच दातावर फिरवायचे, पेस्ट न लावता, दहा मिनिटं दारात बसून, अगदी मिश्री लावत बसल्यासारखी. आणि पदराला भाजलेली बडीशेप बांधलेली. पहिले चार दिवस नरक होता, पंधरा दिवसांनी दुपारी आठवण यायची, महिन्यानं फक्त वास आला तरच. तुझी तीन दिवसांची खेप वाया गेली असं समजू नको, सगळ्यात अवघड टप्प्यापर्यंत तू गेली होतीस.

सिस्टर, मिरज

ताई, मी स्टाफ नर्स आहे, बाळंतपणाच्या वॉर्डात बरीच वर्षं काढली. जमेल तेवढं सविस्तर लिहिते.

आधी काकूंचं. एकदम सोडल्यानं बाळाला झटका वगैरे काही बसत नाही. त्रास होतो तो तुम्हाला, दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी सगळ्यात जास्त आणि मग दोन ते चार आठवड्यात उतरत जातो. हळूहळूच्या नावाखाली नऊ महिने निघून गेलेल्या बायका मी बघितल्यात.

आता गमचं. सिगरेटमध्ये निकोटीन असतं तसा धूर पण असतो, त्या धुरातला कार्बन मोनॉक्साइड आईच्या रक्तातली ऑक्सिजनची जागा अडवतो. सिगरेट ओढणारी बाई गमवर आली की तो सगळा धूर एका फटक्यात बंद होतो, म्हणून तिथं निकोटीन चालू राहिलं तरी बाळाचा मोठा फायदा असतो. तुमच्या मिश्रीला धूर नाही, त्यामुळं तो फायदा तुम्हाला तेवढा नाही. मित्राचं उदाहरण तुम्हाला जसंच्या तसं लागू होत नाही ते एवढ्यासाठी. निकोटीन स्वतः पण वारेतून बाळापर्यंत जातं आणि रक्तवाहिन्या आकसतात. म्हणून पहिली पसंती काहीच न घेता, पण कुणाच्या तरी आधारानं सोडायची.

मात्र याचा अर्थ गम आणि मिश्री सारखंच असा अजिबात काढू नका. मिश्री म्हणजे भाजून करपवलेला तंबाखू, त्यात निकोटीनबरोबर कॅन्सर करणारी द्रव्यं असतात, आणि सात-आठ वेळा लावल्यावर किती निकोटीन जातंय याला काही माप नाही. गममध्ये मोजून 2 मिलिग्रॅम, तेही सगळं अंगात जात नाही. म्हणजे खरोखर प्रयत्न करूनही सुटत नसेल तर मिश्री चालू ठेवण्यापेक्षा डॉक्टरांच्या नजरेखाली गम बरं, असंच मी माझ्या बहिणीला पण सांगेन. पण दोन्ही बरोबर नाही, गम सुरू तर मिश्री बंद. दिवसाला किती आणि किती आठवडे हे डॉक्टरांकडूनच लिहून घ्या. गरोदरपणात शक्यतो गमसारखं लागेल तेव्हाच घ्यायचं औषध आधी बघतात, कारण पट्टीतून निकोटीन दिवसभर झिरपत राहतं. आणि व्यसन सोडवायच्या ज्या पोटात घ्यायच्या गोळ्या असतात, बुप्रोपिऑन, व्हॅरेनिक्लिन, त्या गरोदरपणात नाहीत. मिस्टर कौतुकानं घेऊन आले तरी नाही.

गम चघळायची पण पद्धत आहे, साध्या च्युइंगमसारखं भराभर चावलं की निकोटीन गिळलं जातं आणि उचकी, जळजळ, मळमळ होते, तुम्हाला तर आधीच मळमळ असेल. सावकाश चार-पाचदा चावायचं, तोंडात चुणचुणलं की थांबून गाल आणि हिरडीच्या मधे दाबून ठेवायचं, चुणचुण गेली की परत थोडं चावायचं, असं अर्धा तास. आधी पंधरा मिनिटं चहा, कॉफी, लिंबूपाणी नको, नाहीतर निकोटीन नीट शोषलंच जात नाही.

घाबरवायचं म्हणून नाही, पण माहीत असावं. मुंबईत बिनधुराचा तंबाखू वापरणाऱ्या गरोदर बायकांचा अभ्यास झाला होता, 2004 साली छापून आला, 1217 बायका होत्या. वापरणाऱ्यांच्या बाळांचं वजन सरासरी 105 ग्रॅमनं कमी आणि बाळंतपण साधारण सहा दिवस आधी. तुमचा आत्ता चौथा महिना आहे, बाळाचं वजन मुख्यतः पुढच्या महिन्यांत भरतं, त्यामुळं उशीर झाला असं मनात आणू नका.

अजून एक जे कुणी सांगत नाही. गरोदरपणात शरीर निकोटीन लवकर बाहेर टाकतं. त्यामुळं तलफ आधीपेक्षा लवकर लवकर येते. तुम्हाला वाटतं माझंच मन कच्चं, तसं नाही.

तासगावकडची

सिस्टर, शेवटचं वाक्य मिस्टरांना वाचून दाखवलं. ते काही बोलले नाहीत पण कपाटातलं पाकीट काढून फ्रीजवर ठेवलं, म्हणाले डॉक्टर म्हणतील तेव्हाच. पोटाचं काय करू तेवढं सांगा, माझी निम्मी लढाई तिथंच आहे.

सिस्टर, मिरज

मिश्रीनं पोट साफ होतं हे खरंच आहे, निकोटीन आतड्याला चाळवतं. त्यामुळं सोडल्यावर काही दिवस आतडं सुस्त पडतं, त्यात लोहाच्या गोळ्या. गोळ्या बंद करू नका, 8.9 ला त्या लागणारच. सकाळी उठल्या उठल्या दोन ग्लास कोमट पाणी, मिश्रीला बसायचात त्याच वेळेला परसाकडं जाऊन बसायचं, झालं नाही तरी बसायचं. ताकभाकरी, पालेभाजी, पेरू. डॉक्टरांना विचारून रात्री इसबगोल घ्या, गरोदरपणात देतात ते. आणि ती दाढ! ती अजून किडलेली असेल तर दाखवून या, चौथा ते सहावा महिना दाताच्या कामाला चांगला असतो. या दिवसात हिरड्या तशाही सुजतात, रक्त येतं, आणि बायका त्यावर अजून मिश्री चोळतात.

कृष्णाकाठची, सध्या इंग्लंड

मी मूळची वाळव्याकडची, नवऱ्याच्या नोकरीमुळं इथं आले. माझी सिगरेट होती. इथं गरोदर बाईला पहिल्याच तपासणीला एका नळीत फुंकायला लावतात, श्वासातला कार्बन मोनॉक्साइड मोजतात, म्हणजे खोटं बोलायचा प्रश्नच येत नाही आणि कुणी ओरडत पण नाही. मला सल्लागार बाई आणि पट्टी दोन्ही मिळालं. पट्टी सकाळी लावायची आणि झोपायच्या आधी काढायचीच, रात्रभर नाही. जेष्ठमधाच्या चवीचं निकोटीनचं काही घेऊ नका असं पण बजावलं होतं.

पण पट्टीनंच सुटली असं मी म्हणणार नाही. इथं 2012 साली मोठा अभ्यास छापून आला, 1050 गरोदर बायका, निम्म्यांना खरी पट्टी निम्म्यांना खोटी. बाळंतपणापर्यंत सिगरेट सुटलेल्या दोन्हीकडं जवळपास सारख्याच निघाल्या, कारण बहुतेकींनी महिन्याच्या आतच पट्टी वापरणं सोडलं होतं. मला उपयोगी पडली ती दर आठवड्याला फोन करणारी बाई. तुला तसं कुणी शोध, आशाताई असेल, बहीण असेल.

सिस्टर, मिरज

फोनवरून आठवलं. 1800-11-2356 ही सरकारची तंबाखू सोडण्यासाठीची लाईन आहे, पैसे लागत नाहीत, मराठीत बोलतात, आणि परत स्वतःहून फोन करून चौकशी करतात. दर महिन्याच्या 9 तारखेला सरकारी दवाखान्यात गरोदर बायकांची मोफत तपासणी असते, तिथं जा, आणि कार्डावरचं "नाही" दुरुस्त करून घ्या. समोरासमोर बोलवत नसेल तर चिठ्ठीवर लिहून द्या. डॉक्टरला माहीत असलं तर वजनाकडं, वाढीकडं जास्त लक्ष ठेवता येतं.

तासगावकडची

उशिरा लिहितीय, माफ करा. 9 तारखेला गेले होते. चिठ्ठीच दिली, हात थरथरत होते. या वेळच्या डॉक्टर दुसऱ्या होत्या, त्यांनी चिठ्ठी वाचली, दार लोटून घेतलं आणि खुर्ची पुढं ओढून विचारलं की दिवसात पहिली कधी लावतेस. उठल्यावर पाच मिनिटात म्हणाले. त्या म्हणाल्या आठवडाभर गमशिवाय बघू, अगदी सहन झालं नाही तर कसं आणि किती घ्यायचं ते लिहून दिलंय, पण ते माझ्यापुरतं आहे म्हणून इथं टाकत नाही.

आज अकरावा दिवस. तिसऱ्या आणि पाचव्या दिवशी मिळून तीन गम घेतले, सिस्टरनी सांगितलं तसं गालात दाबून, बरोबर त्याच जागी जिथं मिश्री बसायची. त्यानंतर लागलं नाही. कोरड्या ब्रशची युक्ती चालतीय ताई, दारात बसून घासते तर समोरच्या आजी विचारतात किती वेळा दात घासतीस गं. पोट चार दिवसांनी सुटलं, इसबगोल आणि ताक. लाईनवरच्या बाईंचा दोनदा फोन आला.

आत्यांना मी काही म्हणाले नव्हते, त्या स्वतः पन्नास वर्षं लावतात, त्यांना काय सांगणार. पण परवा बघितलं तर तवा जागेवर नव्हता. विचारलं तर म्हणाल्या, पलीकडच्या वस्तीवर दिलाय, तिथंच भाजून आणते. पुडी पण आता कमरेला, घरात ठेवत नाहीत.

आता एकच अडचण आहे. सातव्या महिन्यात डोहाळजेवण आणि मग बाळंतपणाला माहेरी जायचंय, तिथं आजी आहे. तिच्या हिशोबानं बाळंतिणीला दोन वेळा मिश्री पाहिजेच, दात हलत नाहीत म्हणे आणि पोट पण सुटतं. दुधातून निकोटीन बाळाला जातं हे मला आता माहीत आहे. पण आजीचं वय 80, तिनंच मला वाढवलंय, तिचं मन न दुखवता तिला कसं सांगू? कुणाच्या घरी असं झालं असेल तर लिहा, अजून तीन महिने हातात आहेत.