आठवा महिना, डोकं दुखायचं थांबत नाही. सोमवारपर्यंत थांबू का?

घणसोलीची_सून:
३३वा आठवडा चालू आहे. पाय सुजतात ते मान्य, पण बोटातली अंगठी निघेना, सकाळी डोळ्यांखाली फुगलेलं. डोकं कालपासून ठणकतंय, पॅरासिटामॉलनेही उतरलं नाही. सासूबाई म्हणतात पित्त आहे, आलेपाक खा. तपासणी सोमवारी. तोवर थांबू?

ऐरोलीची_मावशी:
अजिबात नको गं. प्रसूती वॉर्डात नोकरी केलीय म्हणून सांगते. पाय सुजणं वेगळं, चेहरा-हात एकदम सुजणं वेगळं. विसाव्या आठवड्यानंतर बीपी १४०/९० किंवा त्याच्या वर आणि लघवीत प्रोटीन, म्हणजे प्रीएक्लॅम्पसिया, गरोदरपणातला बीपीचा धोक्याचा आजार. १६०/११० झालं तर फार तातडीचं. उजव्या बरगडीखाली दुखतं का? तेही लोक पित्तावर ढकलतात, मला चीड येते. डोळ्यांपुढे काजवे? बाळ हलतंय ना?

घणसोलीची_सून:
हलतंय. काजवे नाहीत, पण टीव्हीवरची खालची पट्टी धूसर दिसते.

कळवा_नाका:
ताई, मग आत्ताच निघा, फाईल घेऊन. गाडी नसेल तर १०८, पैसे लागत नाहीत. आमच्या हिला तर डिलिव्हरी होऊन घरी आल्यावर हा त्रास झाला. बाळंतपणानंतरही सहा आठवडे लक्ष ठेवावं लागतं, हे आम्हाला कुणी सांगितलंच नव्हतं.

घणसोलीची_सून:
अ‍ॅडमिट केलंय. १६४/११०. फिट येऊ नये म्हणून मॅग्नेशियम चालू आहे, बाळाच्या फुप्फुसांसाठीही इंजेक्शन दिलं. चार्जर घरी राहिलाय, नंतर लिहिते.