मदत हवी आहे: आत्याचं घर घ्यायचंय, पण ती नोंदणीला येऊ शकत नाही

अंबाजोगाईतलं आत्याचं घर मी रीतसर विकत घेतोय. तिचं वय ८१, मूलबाळ नाही, खुब्याचं हाड मोडल्यापासून अंथरुणावर. पुढच्या महिन्यात लातूरच्या वृद्धाश्रमात जाणार. खर्च याच पैशातून भागवायचाय, म्हणून बक्षीसपत्र नको. आतोबांनंतर पीआर कार्डावर (घराच्या मालकीच्या सरकारी नोंदीवर) तिचंच नाव लागलंय. किंमत रेडीरेकनरप्रमाणे (सरकारी दराने), पैसे चेकने. डॉक्टरांचा दाखला आहे.

अंगठा मशीनवर उमटत नाही, लिंबाने घासूनही पाहिला! दस्तलेखक म्हणतो, मुखत्यारपत्र करा. आतोबांच्या पुतण्यांची कुरबुर बघता मला ते धोक्याचं वाटतं. दुय्यम निबंधक गृहभेटीला येतात हे माहीत आहे. पण घर बीड जिल्ह्यात अन् ती लातूरला असली, तर अर्ज कुठल्या कार्यालयात करायचा? की ती हलायच्या आधीच उरकून घ्यावं?