मदत हवी आहे: तरंगंबाडीच्या डॅनिश नाण्यावरचा शेवटचा आकडा कसा वाचावा?

नमस्कार मंडळी,

आजीच्या चांदीच्या करंड्यात कागदाच्या पुडीत एक बारीकसं नाणं सापडलं. आजी तंजावरच्या मराठी घरातली, लग्न होऊन पुण्याला आलेली. ती आता नाही, म्हणून तुम्हाला विचारतोय.

एका बाजूला मुकुट आणि त्याखाली रोमन 'सी' अक्षरात गुंतलेला ७. दुसऱ्या बाजूला ढाल, तिच्यावर एकाखाली एक तीन सिंह. म्हणजे डेन्मार्कचा राजा सातवा क्रिश्चियन (१७६६ ते १८०८). तमिळनाडूच्या किनाऱ्यावरची तरंगंबाडी १६२० पासून १८४५ पर्यंत डॅनिशांकडे होती. तिथलंच हे चांदीचं रॉयलिन असावं. आठ रॉयलिनांचा एक रुपया होई.

अडचण सालाची आहे. '१७७' स्पष्ट दिसतं. पुढच्या आकड्यावर मात्र डाखाचा (धातू जोडायच्या सोल्डरचा) थेंब बसलाय. कुणीतरी कडी लावून गळ्यात घातलं असणार. टॉर्च आडवा धरला की कधी ० वाटतो, कधी ३.

मला हा आकडा एवढा का हवाय, तेही सांगतो. हा राजा मनाच्या आजाराने खचलेला होता. छाप कायम त्याचीच, पण हुकूम दुसऱ्यांचे. १७७० मध्ये त्याचा जर्मन डॉक्टर स्ट्रुएन्से कारभार हातात घेत होता. त्याच वर्षी त्याने छपाईवरची सेन्सॉरशिप उठवली. राणी कॅरोलिन मॅटिल्डा, म्हणजे इंग्लंडच्या तिसऱ्या जॉर्जची बहीण, या डॉक्टरच्या प्रेमात होती. जानेवारी १७७२ मध्ये दोघांना पकडलं. एप्रिलमध्ये डॉक्टरचा शिरच्छेद झाला, राणीला मुलांपासून तोडून देशाबाहेर पाठवलं. १७७५ मध्ये, अवघ्या तेविसाव्या वर्षी, ती गेली. १७७३ चं नाणं असेल तर ते राजाच्या सावत्र आईच्या गटाच्या अमलातलं. तीन वर्षांत एवढं सगळं उलटलं, आणि नाण्यावर फरक फक्त त्या एका आकड्याचा! वाचताना राणीसाठी फार वाईट वाटलं.

सराफ म्हणाले, "डाख उतरवून देतो, पॉलिशही करतो." मी नको म्हटलं. नाणं पातळ आहे, आच लागली तर उरलेला छापही जाईल अशी भीती वाटते.

जुनी नाणी हाताळणाऱ्यांनी कृपया सांगा: डाख न काढता आकडा वाचायचा काही उपाय आहे का? फोटो कोणत्या कोनातून काढू? आणि त्या काळच्या रॉयलिनवरचे ० आणि ३ कुणाकडे स्पष्ट असतील तर जवळून काढलेला फोटो टाकाल का? विकायचं नाहीये. पुडीवर साल लिहून ते पुन्हा त्याच करंड्यात ठेवणार आहे.