मेमरी वाचवायची कशाला? रॅम पडलीय की ढीगभर!

रिकामा_लूप: आज कोड रिव्ह्यूत एका ज्येष्ठांनी सुनावलं, "इथे इंट कशाला? शॉर्ट पुरेल." (दोन्ही पूर्णांक ठेवायचे प्रकार; इंट सहसा ४ बाइटचा, शॉर्ट २ चा.) अहो, सेटिंग्ज ठेवणारा तो क्लास, अख्ख्या प्रोग्रॅममध्ये त्याचा एकच ऑब्जेक्ट! वर्षाचे दोन अंक वाचवायच्या नादात वायटूके (सन २००० चा तारखांचा घोळ) ओढवून घेतलं, तरी ही खोड जात नाही. मी म्हणतो, कोड वाचता आला पाहिजे, बाइटांचं नंतर बघू.

सेगफॉल्ट: एका ऑब्जेक्टपुरतं कबूल. एक कोटी असले तर? ६४ बिटी पायथॉनच्या लिस्टमध्ये एक कोटी वेगवेगळे पूर्णांक ठेवा. प्रत्येकी साधारण २८ बाइट, वर पॉइंटरचे, म्हणजे तो आकडा मेमरीत कुठे आहे त्या पत्त्याचे, ८. झाले ३६ कोटी बाइट. तेच ३२ बिटी अ‍ॅरेत (आकडे सलग, प्रत्येकी ४ बाइट) ४ कोटीत बसतात.

रिकामा_लूप: म्हणजे ३६० एमबी. लॅपटॉप ढेकरसुद्धा देणार नाही.

सेगफॉल्ट: मावेल हो, पण पळेल का? प्रोसेसर रॅममधून एकेक बाइट आणत नाही, सलग बाइटांचा गठ्ठा, म्हणजे कॅश लाइन, उचलून कॅशमध्ये (स्वतःजवळच्या छोट्या, वेगवान मेमरीत) ठेवतो, बहुतेक ठिकाणी ६४ बाइटची. अ‍ॅरे असेल तर एका खेपेत १६ आकडे हाती येतात. लिस्टमध्ये आधी पॉइंटर, मग तो नेईल तिथे. आणि कॅशमध्ये नसलेली गोष्ट रॅममधून येईपर्यंत प्रोसेसरची शंभरेक सूचनांची कामं सहज उरकली असती. मेमरी वाचवतो ती जागेसाठी नाही, वेळेसाठी.

सोल्डरवाला: श्रीमंतांची भांडणं! माझ्या आर्डुइनो ऊनो आर३ या छोट्या कंट्रोलर बोर्डवर एसरॅम (चालू कामाची मेमरी) २ केबी, म्हणजे २०४८ बाइट. सीरियलवर (कॉम्प्युटरला जोडलेल्या वायरीवर) छापायचे मेसेजसुद्धा फ्लॅशमध्ये, म्हणजे प्रोग्रॅम राहतो त्या मेमरीत, ठेवायला सांगितलं नाही तर एसरॅममध्येच जाऊन बसतात. मागे माझा बोर्ड मध्येच रीसेट व्हायचा. दोन दिवस पॉवर सप्लायला शिव्या घातल्या. निघालं काय, तर स्टॅक (फंक्शनांची तात्पुरती जागा) खाली सरकत सरकत व्हेरिएबलांवर चढला होता. कंपायलरने चकार शब्द काढला नाही.

रिकामा_लूप: तुमचं दुखणं खरं, पण माझा सर्व्हर आहे. मी शॉर्ट करू की नको?

सेगफॉल्ट: त्या क्लासमध्ये आहे काय काय?

रिकामा_लूप: एक इंट, मग पॉइंटर, मग आणखी एक इंट. सी प्लस प्लस, ६४ बिटी.

सेगफॉल्ट: मग साइझऑफ (ऑब्जेक्ट किती बाइटचा ते सांगतं) छापून बघा. आधी आणि नंतर.

रिकामा_लूप: आधी २४. दोन्ही इंटचे शॉर्ट केले, तरी २४! पॅडिंगने, म्हणजे जुळणीसाठी कंपायलर सोडतो त्या रिकाम्या बाइटांनी, सगळं गिळलं. इंटच ठेवून पॉइंटर सगळ्यात वर नेला, तर १६. 😀 ज्येष्ठांना स्क्रीनशॉट पाठवतोय.

सोल्डरवाला: जपून. माझ्या ऊनोवर इंटच दोन बाइटचा असतो.